प्लॅस्टिकच्या पानावरचं अंडं

काकू, तुमच्या कॉलेजच्या मॅडम आलेल्या परवा. एक वही ठेवून गेल्या तुमच्या टेबलावर. म्हणाल्या ज्यांना ज्यांना लॅबवाल्या काकू माहिती आहेत त्यांनी दोन ओळी लिहा, आम्ही छोटंसं पुस्तक काढतोय. सगळ्यांनी लिहिलं. खालच्या दुकानवाल्यांनी लिहिलं, प्रेमळ होत्या, शांत होत्या. तुम्ही आणि शांत! माझ्या हातात पेन दिलं तर मला घामच फुटला. नववीपर्यंत शिकलेली मी, दहावीला बसलेच नाही, आणि मॅडम समोर उभ्या. मी बोलले घरून लिहून आणते. आता आरू झोपलीये, निलेश ड्युटीवर आहे, आणि दोन ओळीत मला येत नाहीये. म्हणून मी त्यांच्यासाठी नाही लिहित, तुम्हालाच लिहिते. चुकलं तर तुम्ही हसाल तेवढंच.

आधी एक सांगते म्हणजे मोकळं वाटेल. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी सातला मी तुमच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली बघितली. सहाला तुम्ही पिशवी आत घेता हे मला माहिती आहे. तरी मी गेले. आरूला कमरेवर घेऊन पोळ्यांच्या कामाला गेले. मनात बोलले, म्हातारी नाटक करतेय, मी दार वाजवावं म्हणून. अकराला परत आले तर पिशवी तशीच, दूध गरम झालेलं. डॉक्टर म्हणाले पहाटेच गेल्यात, झोपेत, मी सातला दार वाजवलं असतं तरी काही झालं नसतं. ते मला सगळे सांगतात. पण काकू, डॉक्टर तर तिथे नव्हता ना सातला. मी होते.

आपण बोलत नव्हतो त्या आठ दिवसांचं मी निलेशशिवाय कोणाला सांगितलं नाही. मी तिथूनच सुरू केलं असतं पण मग मॅडमना काहीच कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मला सातवा महिना होता तेव्हा आम्ही खोली बघत फिरत होतो. निलेशला डोंबिवलीच्या कंपनीत काम लागलेलं आणि मला तेव्हा जगातला प्रत्येक वास येत होता. कल्याणला एक खोली बघितली, छान होती, मोठी, पण जिन्यात गटाराचा वास, मी तिथेच उलटी केली. दुसऱ्या खोलीत शेजारी सुके बोंबील. आता मी खाते बोंबील, आवडीने खाते, पण तेव्हा नको. निलेश वैतागलेला, बोलला, "तू नाकाने खोली निवडणार की डोळ्याने?" मी बोलले नाकानेच. मग ह्या बिल्डिंगमध्ये आलो. चावी तुमच्याकडे होती, मालक पुण्याला. तुम्ही दार उघडलंत आणि आतून मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला, लादी ओली, नुकती पुसलेली, आणि मी आत जाऊन भिंतीला टेकून बसलेच. तुम्ही पाणी आणलंत. म्हणालात, "बस गं पोरी, घाई कशाला." मी निलेशला बोलले हीच. पाच मिनिटात. आईने आयुष्यात एवढ्या लवकर साडी पण घेतली नाही तेवढ्या लवकर मी घर घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात पहाटे तो वास आला. कंपन्यांच्या बाजूने. सडलेल्या कोबीसारखा आणि त्यात काहीतरी गोडसर. मी तुमच्याकडे धावत आले तर तुम्ही बोललात, "वारा फिरला की येतो, दोन तासात जातो, डोंबिवलीत नवीन आहेस तू." मला वाटलं मीच नवीन, मलाच सहन होत नाही. बिल्डिंगमध्ये कोण काही बोलत नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, तुमच्यामुळेच मी तगले. आरू झाली तेव्हा आई भात लावायला मुरबाडला परत गेली दहा दिवसांत, आणि आरूला आंघोळ घालायची कशी हे तुम्ही शिकवलंत. तुम्हाला स्वतःचं पोर नाही आणि तुम्ही शिकवलंत! मी विचारलं तुम्हाला कसं येतं, तर म्हणालात, "तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्यात, एक नाही फोडली. तुझी मुलगी काय फुटणार आहे?" मी दोन घरी पोळ्या करायला जायला लागले आणि आरू तुमच्याकडे. तुमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर पण ते इंग्लिश फॉर्म्युले लिहिलेले, मला साखर सापडायची नाही, मी चहा करायला घेतला की तुम्ही खुर्चीतून ओरडायच्या, "लांब नाव असलेली बरणी! सगळ्यात लांब!"

आणि गॅलरी. ग्रिलमध्ये ठेवलेलं ते कागदी लिंबाचं झाड, रंगाच्या डब्यात लावलेलं. मला आधी वाटायचं लिंबासाठी ठेवलंय. एक लिंबू कधी लागलं नाही त्याला. सगळी पानं कुरतडलेली. मी एकदा तुमचं काम कमी करावं म्हणून अळ्या काढायला बसले, काडीने, खाली टाकायला लागले, तुम्ही आतून आलात आणि माझ्या हातावर चापट मारलीत. खरीखुरी. लागली पण.

"अगं पूजा, ही माझी माणसं आहेत!"

"ह्या? ह्या तर पक्ष्याची शीट वाटतात."

"मग? तशा दिसतात म्हणूनच कोण खात नाही त्यांना. हुशार आहेत. तुझ्या नवऱ्यापेक्षा."

मग तुम्ही मला बसवलंत. आरू मांडीवर. म्हणालात आता गप्प बस आणि बघ. अर्धा तास काही नाही. मग ते काळं-पिवळं फुलपाखरू आलं, मागे तांबडा ठिपका असलेलं. आधी तुळशीवर गेलं, टेकलं न टेकलं, उडालं. मग तुमच्या वाळत टाकलेल्या हिरव्या ब्लाउजवर गेलं आणि मला हसू आलं. मग लिंबावर. आणि तिथे त्याने पुढच्या पायांनी पानावर टकटक टकटक केलं, इतकं भराभर, ढोलकीवर बोटं फिरवतात ना तसं. एक पान सोडलं. दुसऱ्यावर टकटक. मग शेपूट वाकवली आणि गेलं. पानाखाली एक दाणा, पिवळट, राजगिऱ्याएवढा.

तुम्ही म्हणालात, "तिची जीभ पायात आहे."

मी बोलले काय पण.

"खरं सांगते. पायाने चाखते ती. पानात काय काय आहे ते पायाला कळतं. डोळ्याला फक्त हिरवं दिसतं, म्हणून माझ्या ब्लाउजवर बसली बावळट. पण अंडं नाही घातलं तिथे. घालणार नाही. पायाने हो म्हटल्याशिवाय नाही."

मला ते इतकं आवडलं काकू. मी घरी येऊन निलेशला सांगितलं, त्याला काही पडलेली नव्हती. मी मुरबाडला फोन करून आईला सांगितलं. आमच्या परड्यात लिंब आहे, बेल आहे, अख्खं लहानपण त्या फुलपाखरांमागे पळण्यात गेलं आणि मला माहितीच नव्हतं ती झाडावर करतात काय.

मग रोज एक-एक गोष्ट. आपलं भांडण पण रोज. मी बोलले केमिकल वाईट, ह्या कंपन्या बघा ना. तुम्ही बोटं नाचवत बोललात, "तुझ्या फोडणीचा वास काय आहे? केमिकल. आरूच्या डोक्याचा वास? केमिकल." मी बोलले बाळाच्या डोक्याला केमिकल बोलू नका, पाप लागेल. तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. मग सांगितलंत की झाड काही फुलपाखरासाठी वास काढत नाही. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात कडू, तिखट, उग्र असं काहीतरी बनवून ठेवतं, किड्यांनी खाऊ नये म्हणून. आणि बाकीचे किडे खरंच लांब राहतात. पण ह्या एका फुलपाखराच्या पोरांनी तेच पचवायला शिकून घेतलं. म्हणून सगळ्यांना जा म्हणणारा जो वास, तोच हिला ये म्हणतो. आईला माहिती असतं की माझी पोरं इथेच जगतील, दुसऱ्या पानावर उपाशी मरतील. आणि अंडं घातल्यावर ती परत येत नाही. एकदाच निवडायचं, त्यात चुकायचं नाही.

मी विचारलं, चुकली तर?

तुम्ही म्हणालात, "चुकत नाही सहसा." आणि विषय बदललात, आरूचं दुपटं बघायला लागलात. मला आता आठवतंय.

आरू सात महिन्यांची झाली आणि तिची छाती वाजायला लागली. आधी वाटलं सर्दी. मग श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. पोट आत जायचं तिचं, बरगड्या दिसायच्या, आणि मी वेडी व्हायचे, मोजत बसायचे तिचा श्वास. डॉक्टरने वाफ द्यायला सांगितली, औषध दिलं, आणि तिसऱ्या वेळी विचारलं राहता कुठे. मी सांगितलं. ते म्हणाले, "जमलं तर जागा बदलून बघा. मी खात्री देत नाही, पण बघा."

निलेश बोलला, "वास तर सगळ्यांनाच येतो, खोकते ती एकटीच. आणि जायचं कुठे? इथून चालत कंपनी. काकू पोरीला बघतात. दुसरीकडे कोण बघणार, तुझा तो डॉक्टर?" तो वाईट नाही काकू, तुम्हाला माहिती आहे, तुम्ही त्याला जावईबापू म्हणायचात आणि तो लाजायचा. पण त्याला भीती वाटली की तो ओरडतो.

मी तुमच्याकडे आले. मला वाटलं तुम्ही शिकलेल्या लोकांत राहिलात, तुम्हाला माहिती असणार. तुम्ही आरूची पाठ चोळत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "होईल गं बरं. वर्षाची झाली की छाती मोकळी होते पोरांची." मी तुमच्यावर विश्वास ठेवला. डॉक्टरपेक्षा जास्त ठेवला.

आणि मग तो प्लॅस्टिकच्या वेलीचा दिवस.

तीन दिवस तुम्ही त्याच्या मागे लागलेल्या. लिंबाची कोवळी पानं खलबत्त्यात कुटलीत, गरम पाण्यात भिजवलीत, आरूच्या स्वच्छ लंगोटातून गाळलंत, मी ओरडले तर बोललात नवीन घेऊन देते. मग ते पाणी पातेल्यात आटवलंत. दाराला लावायची प्लॅस्टिकची पानांची वेल होती तुमच्याकडे, कल्याणच्या बाजारातली, ती धुतलीत आणि एकेका पानावर ब्रशने ते पाणी लावलंत. लिंबाचं झाड आरूच्या मच्छरदाणीखाली झाकून ठेवलंत. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तुम्ही म्हणालात, "पातळ झालंय, अजून आटवते," जसं काय आमटी आहे.

तिसऱ्या दिवशी ती आली. मी गॅलरीच्या दारात, आरूला घेऊन, सकाळीच तिला वाफ दिलेली, तिची मान माझ्या खांद्यावर. फुलपाखरू वेलीवर आलं. प्लॅस्टिकच्या पानावर टेकलं. टकटक टकटक. तुम्ही माझं मनगट धरलेलं, दुखत होतं. टकटक. आणि तिने शेपूट वाकवली.

तुम्ही उडी मारलीत काकू. बहात्तर वर्षांच्या बाईने उडी मारली. "जमलं! अगं जमलं! बाटल्या धुणारीला जमलं!" तुम्ही सांगत होतात की सर वर्गात हे शिकवायचे, दरवर्षी शिकवायचे, फळ्यावर काढायचे, तुम्ही दाराशी ट्रे घेऊन उभ्या राहून ऐकायच्या, पण करून कोणी दाखवलं नाही, कोणी बघितलं नाही, आणि आज तुम्ही. तुमचे डोळे भरलेले. तुमच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि बघायला फक्त मी होते.

आणि मी बोलले, "काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा."

तुम्हाला कळेना.

"ती आई आहे. तिला फसवलंत तुम्ही. तिला वाटतंय पोर चांगल्या ठिकाणी ठेवलं. ते बाहेर आल्यावर काय खाणार, प्लॅस्टिक?"

"अगं, मी ठेवणार आहे ना उचलून लिंबावर. असं कसं सोडेन?"

"पण तिला काय माहिती! ती गेली पण!"

आणि मग तुम्ही, मला समजवायला, सहज, हसत बोललात, "फसवलं कसलं गं, थोडा वास लावला. घरी कोण येणार असलं की आपण नाही का उदबत्ती लावत?"

बोलून झाल्यावर तुम्ही गप्प झालात. तुम्ही जर बोलत राहिला असतात ना काकू, तर मला कळलंच नसतं. मी तेवढी हुशार नाही. पण तुम्ही गप्प झालात आणि माझ्या डोक्यात तो मोगऱ्याचा वास आला, आणि ओली लादी, आणि मला आठवलं की त्या दिवशी मागची खिडकी बंद होती. मे महिन्यात.

मी विचारलं, "आमची मागची खिडकी त्या दिवशी बंद का होती?"

तुम्ही सांगू शकला असतात की कडी अडकली होती. मी मानलं असतं. तुम्ही ब्रश खाली ठेवलात आणि बोललात, "मीच केली होती. तुम्ही यायच्या आधी वास आला होता सकाळी."

"आणि तुम्ही पोटुशीला आत बसवलं."

"दोन वर्षं खोली रिकामी होती पूजा. जो येतो तो वास घेऊन परत जातो. भिंतीच्या पलीकडे माणूस नको का गं? पडले तर ऐकायला तरी?"

"माझ्या पोरीच्या छातीवर?"

"मला काय माहिती होतं तिला त्रास होईल? सगळ्यांना नाही होत."

"आणि आता? आता माहिती आहे ना? आता तरी बोललात का कधी, की जा म्हणून?"

तुम्ही इतक्या हळू बोललात. "मग मी काय करू, सांग."

मला वाटलं तुम्ही मलाच टोमणा मारताय. मी बोलले तुम्ही फसव्या आहात, तुमच्या दारात परत पाय ठेवणार नाही. आणि आरू रडायला लागली, तुमच्याकडे हात करायला लागली, आणि मी तिचा हात खाली ओढला. हे मी कोणाला सांगितलं नाही, निलेशला पण नाही. तिचा हात मी ओढला.

आठ दिवस. तुम्ही रोज दाराबाहेर वाटी ठेवायच्या, नाचणीची खीर, आरूची. मी तशीच झाकण न उघडता तुमच्या दाराशी नेऊन ठेवायचे. आरूला कामावर घेऊन जायचे, त्या घरच्या बाई तोंड वाकडं करायच्या, ओट्याखाली चादर टाकून बसवायचे तिला. भिंतीतून तुमचा रेडिओ ऐकू यायचा. आवाज तुम्ही मोठा ठेवलेला, मुद्दाम, मला माहिती आहे. मग ती दुधाची पिशवी.

तुमचा पुतण्या नाशिकहून आला त्याने चांगलं केलं सगळं. मला म्हणाला, "वहिनी, तेराव्यापर्यंत झाडांना पाणी घालाल का, काकूचा जीव होता त्यांच्यात." चावी दिली. मला घ्यायची नव्हती. मी घाबरते काकू, तुम्हाला माहिती आहे, मी उंदराला पण घाबरते, आणि तुमच्या रिकाम्या घरात एकटं जायचं. पण गेले.

प्लॅस्टिकचं एक पान कापलेलं होतं वेलीवरून. कपड्याच्या चिमट्याने ते तुम्ही लिंबाच्या कोवळ्या फांदीला लावलेलं, पानाला पान चिकटून, म्हणजे बाहेर आल्यावर त्याला चालत जाता येईल. अंडं नव्हतं त्यावर. खालच्या पानांवर त्या शीटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पाच-सहा. त्यातली ती कुठली ते मला ओळखता आलं नाही. मी खूप वेळ बघितलं, नाही आलं.

आणि खुर्चीवर उशीखाली तुमची जर्नल. कॉलेजची जुनी, कडक पुठ्ठ्याची. मी उघडायला नको होती. पट्टीने रेघा मारलेल्या, तुमचं ते बारीक अक्षर. तारीख. वास. फुलपाखरू. अंडी. रोजचं. "सकाळी वास, फुलपाखरू आले नाही." "वास नाही, दोन अंडी." वास असला की बहुतेक ती येत नव्हती. मी पानं उलटत गेले आणि चार महिन्यांपूर्वीच्या पानावर एक रेघ जास्त मारलेली, पेन्सिलने, पट्टी न लावता. वर फक्त "आ."

आ. खोकली, भिंतीतून ऐकू आले. आ. ठीक. आ. ला धाप, पूजा रडत होती. आ. ठीक. वास, आ. खोकली. वास, आ. खोकली.

चार महिने, काकू. तुम्हाला चार महिने माहिती होतं. तुम्ही तिची पाठ चोळत होतात आणि होईल गं बरं म्हणत होतात आणि मी गेले की लिहीत होतात. मी ती जर्नल भिंतीवर फेकली. खरंच फेकली. मग उचलली, पुसली. एक पान सुटलं ते डिंकाने लावलंय, मॅडमनी विचारलं तर मीच फाडलं म्हणून सांगा.

शेवटचं पान तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसाचं. "वास नाही. आ. चा आवाज दिवसभर नाही. पूजाने तिला गावी आईकडे ठेवली असेल तर बरे झाले."

ती कुठे गेली नव्हती. ती माझ्याबरोबर त्या ओट्याखाली बसलेली.

निलेशला मी काही बोलले नाही. चहा पिताना त्याच्यासमोर ती जर्नल ठेवली उघडून. तो आधी बोलला हे काय. मग वाचायला लागला. बोट ठेवून ठेवून, एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर. चहा गार झाला. मधे तो एकदा बोलला, "हे बघ, इथे वास नाही तरी खोकली आहे." मी बोलले हो, तसे पाच-सहा दिवस आहेत, ते पण लिहिलेत त्यांनी. तो परत वाचायला लागला. मग जर्नल बंद करून दोन्ही हात त्यावर ठेवले त्याने. बोलला, "डॉक्टर बोलला तेव्हा मला वाटलं असाच बोलतोय." आणि थोड्या वेळाने, "आमच्या शिफ्टला टिटवाळ्याचा एक जण आहे. त्याला विचारतो खोलीचं."

काल आम्ही जाऊन आलो. स्टेशनपासून लांब आहे, मागे शेत आहे, दोन खोल्या, छत पत्र्याचं. मालकीणबाई आगरी आहेत, आवाज मोठा. मी आत गेले आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. निलेश बोलला चल, बघून झालं. मी बोलले नाही, मी बसणार. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बसले, आरूला तिथेच भात भरवला, तिथेच झोपवली. मालकीणबाई तीनदा येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "गो बाय, घर बगाला आलीस का आंदोलनाला?" मी त्यांना विचारलं पहाटे वास येतो का, पावसात येतो का, शेतात फवारणी करता का, कधी करता. त्या बोलल्या एवढे प्रश्न तर पोलीस पण विचारत नाही. पण सगळी उत्तरं दिली, हातवारे करून. फवारणी करतात, काकू. वर्षातून दोन-तीनदा. त्यांनी लपवलं नाही. मी बोलले त्याच्या आधी मला सांगाल का, मी तिला घेऊन आईकडे जाईन. त्या बोलल्या, "सांगेन ना, त्यात काय."

आरू बरी होईल का मला माहिती नाही. डॉक्टरला पण नाही. मी खूप घाबरलेली आहे. तिकडे मला कोण ओळखत नाही, पोळ्यांचं काम परत शोधायचं, तिला कोणाकडे ठेवायचं. पण रविवारी आम्ही जातोय.

मी तुम्हाला फसवी बोलले ते परत घेत नाही काकू. तुम्ही मेलात म्हणून खोटं कशाला बोलू, तुम्ही फसवलंतच. आणि माझ्या पोरीला पहिलं हसताना बघितलं ते पण तुम्हीच, मी कामावर होते. रागाने तुमचं नाव घेते आणि तेवढ्यात आरू तुम्ही शिकवलेल्या टाळ्या वाजवते, मग मी काय करू.

तुम्ही विचारलेलं ना, मग मी काय करू, सांग. तो टोमणा नव्हता. तुम्ही खरंच विचारत होतात. आणि माझ्याकडे उत्तर होतं काकू, चार शब्दांचं, तेव्हा सुचलं नाही. तुम्ही पण चला आमच्याबरोबर. बस एवढंच. तुम्ही नाही म्हणाला असतात, आधी नाटकं केली असतीत, माझ्या बरण्यांचं काय म्हणाला असतात. पण आला असतात.

काल निघताना मालकीणबाईंनी विचारलं, "माणसा किती ऱ्हानार?"

मी बोलले, "चार."

निलेशने माझ्याकडे बघितलं. आरूला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर नीट धरलं, आणि मग तो त्यांना बोलला, "तीन."